चिमणी माडावर, नऊ वाव

वही टेबलावर उघडी होती आणि साहेबांचं बोट बरोबर अणुकेंद्राच्या चिमणीवर टेकलेलं. चित्र मी काढलेलं.

एकाहत्तरची लढाई लागून चार दिवस झाले होते. आमच्या मुरबे गावात घरोघरी काचांना काळा कागद लावलेला, आणि तारापूरच्या केंद्रावर शत्रू समुद्रातून येणार अशी बोलवा. म्हणून पोलिसांनी बोटी तपासल्या. माझ्या बोटीत ही वही सापडली. साहेब मुंबईचे, साध्या कपड्यातले. हेर पकडणं हेच त्यांचं काम, असं चौकीच्या हवालदाराने मला हळूच सांगितलं.

"चिमणी, माड, खाली नऊचा आकडा. कोणाला द्यायचं होतं हे?"

"कोणाला नाय, साहेब. माजंच हाय."

पाण्यात रस्ता नसतो. घोळ मासा मिळतो तो बुडालेला खडक शोधायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या, दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन. रेषा कापतात तिथे खडक. खोली वावात मोजायची. दोन्ही हात पसरले की एक वाव. बाप सगळं डोक्यात ठेवायचा. मी दुसरी शिकलेला, मला लिहून ठेवायची हौस. खुणांची नावं लिहिता येईनात, म्हणून चित्रं काढली. चिमणी नवी, उंच, लांबून दिसणारी. जवळजवळ प्रत्येक पानावर तीच.

साहेबांना पटेना. बाहेर गाडी उभी होती. कुठे नेणार, कोणी सांगेना. बायको चौकीच्या पायरीवर बसलेली, तिच्याकडे बघवेना. मी अडून बसलो. म्हटलं, पान तुम्ही निवडा, मी तिथे नेतो. चुकलो तर तिथेच बेड्या घाला.

साहेबांनी तेच पान निवडलं.

दुपारी बोट समुद्रात नेली. चिमणी सरकत सरकत माडाच्या शेंड्यावर आली. दुसरी रेषाही जुळली. दोरीला शिसं बांधून सोडलं. दहा वाव. मी दोरी परत मोजली. दहाच. मग भरती ध्यानात आली.

"आकडा ओहोटीचा हाय, साहेब. पाणी उतरू द्या."

"थांबू," साहेब एवढंच म्हणाले.

तीन तास थांबलो. लांब एखादं शीड दिसलं तरी हवालदार बंदूक सावरायचा. पाणी उतरलं. परत शिसं सोडलं. नऊ.

मला वाटलं, सुटलो. साहेबांचा चेहरा आणखीच कठोर झाला.

"म्हणजे तू कोणालाही इथवर अचूक आणू शकतोस."

खरंच होतं ते. बंदरात येईपर्यंत मी फक्त त्या गाडीचा विचार करत होतो.

गाडीत घातलं नाही. वही जप्त केली. रोज सकाळी चौकीत हजेरी, आणि अनोळखी होडी दिसली की खबर द्यायची, असं कागदावर लिहून घेतलं. हवालदाराने अंगठ्यासाठी शाई पुढे केली. मी सही केली.

लढाई संपली, हजेरी संपली. वही आली नाही. मागायला मी गेलो नाही. तशी छाती झाली नाही, हे कबूल करतो.

आता जावई खुणा विचारतो. त्याला बोटीत बसवून दाखवतो. त्याने कागद पुढे केला की परत त्याच्या खिशात घालतो.