चावी एक घर मागे

प्रा. सुहासिनी रानवडे यांना मी प्रथम पाहिले ते वाघोलीतील आमच्या तंत्रनिकेतनात, तोंडी परीक्षेच्या टेबलापलीकडे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका मराठी शाळेतून आले होते. शाळेत पहिला क्रमांक कधी सोडला नव्हता. येथे मात्र इंग्रजीत प्रश्न आला की उत्तर ठाऊक असूनही ओठ हलत नसत. त्या दिवशी मोटारीच्या इग्निशन स्विचविषयी विचारण्यात आले आणि मी खाली मान घालून उभी राहिले.

बाईंनी शेजारच्या प्रात्यक्षिक-फळ्याकडे बोट केले. मोटारीचा स्विच, बॅटरी आणि काही दिवे त्यावर जोडलेले होते.

"बोलू नकोस. चावी फिरवून दाखव."

मी चावी फिरवली. एकामागून एक दिवे लागत गेले.

"आता चावीच्या कुठल्या घरात काय झालं ते सांग. तुझ्या भाषेत सांग. गाडीला कुठे इंग्रजी येतं?"

मग मी सांगू लागले. पहिल्या घरात सारे बंद, आणि चावी बाहेर काढली की स्टिअरिंगही जखडलेले. दुसऱ्या घरात रेडिओसारखी किरकोळ साधने. तिसऱ्यात इंजिन चालत राहते. चौथे केवळ इंजिन सुरू करण्यापुरते. हात सोडला की चावी आपोआप तिसऱ्या घरात परतते. शेवटी सवयीने म्हणाले, "झालं, बाई."

मागे रांगेत उभी असलेली मुले हसली. आमच्या महाविद्यालयात साऱ्या अध्यापिकांना 'मॅम' म्हणत. रानवडे बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. "हसा, हसा. तिने निदान शब्द पूर्ण तरी उच्चारला."

तेव्हापासून त्या संपूर्ण इमारतीत त्यांना 'बाई' म्हणणारी मी एकटीच राहिले. त्यांच्या एकसष्टीच्या या गौरवग्रंथातही मला दुसरे संबोधन वापरणे जमणार नाही. संपादकांनी क्षमा करावी.

बाईंच्या अध्यापनाचे मोल त्यांचे सहकारी माझ्याहून अधिक जाणतात. मी लिहिणार आहे ते त्यांच्या रविवारच्या वर्गाविषयी. महाविद्यालयामागच्या मोकळ्या मैदानात बाई स्त्रियांना एक निराळीच गोष्ट शिकवीत. गाडी चालवायला शिकवणारे पुष्कळ आहेत. चालती गाडी ऐकेनाशी झाली तर काय करायचे, हे शिकवणाऱ्या मला एकट्या बाईच भेटल्या.

वर्गाचा आरंभ एका स्टीलच्या डब्याने होई. तो डबा सर्वांपुढून फिरे आणि प्रत्येकीने आपल्या चावीला जे जे अडकवले असेल ते काढून त्यात टाकायचे, असा नियम होता. गणपती, नखकात्री, कपाटाच्या किल्ल्या, मुलाच्या फोटोची चकती, काहीही सुटत नसे. जड जुडगे लोंबत राहिले की खड्ड्याखड्ड्याला हिसके बसतात आणि स्विच आतून झिजत जातो, हे त्यामागचे कारण.

"गाडीच्या चावीला संसार लटकवायचा नाही," बाई म्हणत.

कसबा पेठेतून येणाऱ्या रेहानाचाची एकदा अडून बसल्या. "बाई, ती शिट्टी तरी राहू द्या. रस्त्यात कुणी अंगावर आलं तर?"

"शिट्टी पर्समध्ये ठेवा, चाची. गाडी तुमची आहे, पोलिसाची नाही."

चाची सर्वांत मोठ्याने हसल्या आणि शिट्टी डब्यात पडली.

त्यानंतर बाई डाव्या आसनावर बसत. शिकणारीने मैदानात सावकाश गाडी चालवायची. मग कुठल्याशा वळणावर, आधी न सांगता, बाई हात पुढे करून चावी एक घर मागे फिरवीत. इंजिन निमूटपणे बंद होई. आणि त्या शांततेत बाई एकच प्रश्न विचारीत.

"आता?"

उत्तर तोंडाने द्यायचे नसे, हातापायांनी द्यायचे असे. स्टिअरिंग जड होते, पण वळते. दोन्ही हातांनी वळवायचे. ब्रेक कडक होतो, पण लागतो. पुन्हा पुन्हा दाबून त्याची उरलेली ताकद घालवायची नाही, एकदाच जोर लावून दाबून धरायचा. धोक्याचे दिवे लावायचे, डावीकडे यायचे, थांबायचे. गाडी थांबेपर्यंत चावी बाहेर काढायची नाही, कारण स्टिअरिंग जखडले की पुढचे काहीच आपल्या हाती राहत नाही. "एक घर मागे चालेल, दोन घरं कधीही नाही," हे वाक्य त्या मैदानातील प्रत्येकीला पाठ होते. ॲक्सिलरेटर अडकला तर क्रम निराळा: ब्रेक पूर्ण दाबायचा, गाडी न्यूट्रल करायची, कडेला थांबायचे आणि मग इंजिन बंद करायचे. पुढे बटणाने सुरू होणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा चालत्या गाडीत इंजिन कसे बंद करायचे ते प्रत्येकीने आपापल्या गाडीच्या माहितीपुस्तकात वाचून यायचे, अशी त्यांनी सक्ती केली. बहुतेक गाड्यांत बटण दाबून धरावे लागते. "आणि घाबरलेलं माणूस ते एकदाच हळूच दाबतं, दाराची बेल वाजवावी तसं," असे बाई म्हणत.

बाई आवाज चढवीत नसत आणि कौतुकही करीत नसत. फार चांगले जमले तर त्या "हं" म्हणत. आम्ही त्या "हं"साठी आठवडाभर थांबत असू.

या शिकवणुकीचा अर्थ मला पुरता कळला तो नगर रस्त्यावर. नोकरी लागल्यावर मी एक जुनी गाडी घेतली होती आणि ती पाहायला माझे वडील गावाहून आले होते. त्यांना एसटी स्टँडला पोचवायला निघालो त्या सकाळी मी पिशव्या आणायला वर गेले तेवढ्यात त्यांनी मोठ्या प्रेमाने माझ्या चावीला देवळातून आणलेली पितळी घंटा बांधली, कुंकू लावले आणि घरच्या कपाटाची किल्लीही अडकवून दिली. घंटेकडे बघून ते इतके प्रसन्न हसत होते की पोचल्यावर सोडू, असे मी ठरवले.

उतारावर गाडी एका खड्ड्यात आदळली आणि इंजिन बंद पडले. मागे पाण्याचा टँकर होता. त्याचा भोंगा सुरू झाला. स्टिअरिंग एकाएकी दगडासारखे जड झाले. वडील ओरडले, "अव पोरी, चाबी काहाड! काहाड आधी चाबी!" आणि त्यांनी स्वतःच चावीकडे हात घातला.

माझ्या वडिलांसमोर मी कधी मोठ्याने बोललेले नाही. त्यांच्यासमोरच काय, कुणासमोरही नाही. पण त्या क्षणी शेजारच्या आसनावर मला बाबा दिसत नव्हते. मला तेथून एक शांत प्रश्न ऐकू आला आणि माझे उत्तर आपोआप बाहेर पडले.

"बाबा, हात मागे घ्या!"

त्यांनी हात मागे घेतला. मी दोन्ही हातांनी गाडी डावीकडे ओढली, धोक्याचे दिवे लावले, सारे वजन टाकून ब्रेक दाबून धरला. टँकर उजवीकडून निघून गेला. आम्ही एका फळांच्या हातगाडीपाशी थांबलो होतो. फळवाला हातात सीताफळ धरून आमच्याकडे बघत होता.  वडील म्हणाले, "तुले एवढ्या जोरानं बोलता येते?"

मी बाईंना फोन केला तेव्हा मला रडू आवरत नव्हते.

"गाडी उभी राहिली ना? मग रडतेस कशाला? आधी सांग, चावीला काय लटकत होतं?"

त्या रिक्षा करून आल्या. त्यांनी ते जुडगे तळहातावर तोलून पाहिले. मला वाटले, आता बाबांना एखादा टोमणा ऐकावा लागणार. पण बाई त्यांना नमस्कार करून म्हणाल्या, "दादा, आपल्या लेकीने आज गाडी फार नीट थांबवली. ही घंटा देवघरात जास्त शोभेल, नाही का?" वडिलांनी ती आपल्या हाताने सोडली. पुढे मेकॅनिकने सांगितले की आधीच्या मालकाच्या जुडग्याने स्विच झिजलेलाच होता. घंटेने केवळ शेवटचा हिसका दिला. हे बाबांना आवर्जून फोन करून कळवले तेही बाईंनीच. त्यांना रुखरुख लागून राहू नये म्हणून.

त्या दिवशी निघताना बाईंनी मला एकच विचारले. "चावी कोणत्या हातात होती?"

"हात लावलाच नाही, बाई. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते."

"हं," बाई म्हणाल्या.

पुढे आमच्याच महाविद्यालयात मी शिकवू लागले तेव्हा माझा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जात नसे. माझ्या पहिल्या प्रात्यक्षिकाला बाई प्रयोगशाळेच्या शेडच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. ऐकू आले नाही की त्या नुसता हात वर करीत. मी आवाज वाढवला की हात खाली येई. कित्येक तासिका त्या अशा, आपले काम सोडून, उभ्या होत्या. एके दिवशी हात एकदाही वर गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. अजूनही शिकवताना माझे लक्ष त्या टोकाकडे जाते. तेथे आता जुन्या टायरांची चळत आहे.

निवृत्तीच्या सुमारास बाईंच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला. शस्त्रक्रिया झाली, पण दृष्टी पूर्वीसारखी परतली नाही. कुणी सांगण्याआधीच त्यांनी गाडी चालवणे सोडले आणि त्या साताऱ्याला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना तो स्टीलचा डबा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "रविवार चुकवू नकोस," एवढेच म्हणाल्या.

मी रविवार चुकवलेला नाही. डाव्या आसनावर आता मी बसते. मैदानाच्या एका बाजूला इमारती उभ्या राहिल्या आहेत, तरी उरलेली जागा आम्हाला पुरते. मी चावी एक घर मागे फिरवते आणि "आता?" असे विचारते. मुली उत्तर बरोबर देतात. पण हा प्रश्न माझ्या तोंडी उसना वाटतो. दर वेळी तो विचारताना मी बाईंचा मैदानातला आवाज आठवू पाहते, आणि अलीकडे तो आठवायला थोडा वेळ लागतो, याची मला भीती वाटते.

साताऱ्याहून पुणे फार लांब नाही. मी अनेकदा विनवले, "बाई, एका रविवारी या ना." त्यांचे उत्तर ठरलेले आहे. "मी आले की मुली माझ्याकडे बघतील, तुझ्याकडे नाही. आणि मला आता दिसत नाही, अगं. ज्याला दिसत नाही त्याने पुढच्या आसनावर बसू नये."

पहिले कारण मी मान्य करते. दुसऱ्याला मात्र, बाईंनीच कमावून दिलेल्या आवाजात, या ग्रंथातून उत्तर देण्याचे धाडस करते. बाई, चावी फिरवताना तुम्ही तिच्याकडे कधीच पाहिले नाहीत. तुमची नजर समोर असे आणि हात अचूक जागी जाई. मैदान मोकळे आहे, गाडी मी चालवीन, समोर पाहण्याचे काम माझे.

बाईंना निरामय आयुष्य लाभो, उरलेली दृष्टी जपली जावो, आणि एकसष्टीच्या या सोहळ्यासारखे अनेक सोहळे त्यांना आमच्यात बसून पाहता येवोत, ही त्यांच्या साऱ्या विद्यार्थिनींच्या वतीने प्रार्थना. माझी स्वतःची इच्छा याहून लहान आहे. एखाद्या रविवारी, मुली घरी गेल्यावर, बाईंनी माझ्या डावीकडे बसावे आणि न सांगता चावी एक घर मागे फिरवावी. उत्तर मला पाठ आहे. प्रश्न तेवढा त्यांच्या आवाजात ऐकायचा आहे.