रुपालीला कुणी विचारलं?

आमच्या गटाची बैठक दर रविवारी इंदापुरात भरते. बैठक थोडी, किस्से फार! एक सांगावा तर मागून दुसरा येतोच. ज्यांना शिकायला, समजायला वेळ लागतो अशा मोठ्या माणसांनी स्वतःबद्दल स्वतः बोलायचं, एवढंच गटाचं काम. मी मदतनीस. तात्या मार्गदर्शक, म्हणजे सगळ्यांच्या वतीने तेच बोलतात!

*

पहिल्या दिवशी ओळखपरेड. कुणी तोंड उघडायच्या आत तात्या सुरू. भिगवणच्या सलीमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हा सलीम. लई गरीब पोरगं. जास्त बोलत न्हाय."

सलीम उठला. तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे तात्या. लई चांगले हायेत. थांबत न्हाईत!"

*

एका रविवारी ईद होती. तात्यांनी बैठक तशीच ठेवली. सलीम आला नाही, तर म्हणे, "त्यांच्या लोकांना आवडच न्हाय."

पुढे सलीम अध्यक्ष झाला. पहिलीच बैठक त्याने लावली लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी!

"आरं, सण हाय!" तात्या उडालेच.

"व्हय? मला वाटलं, तुमाला आवड न्हाय."

*

कळंबजवळच्या पारधी वस्तीवरची रुपाली आली आणि आमचं हसणं आटलं. तिला लांबच्या एका निवासी संस्थेत ठेवायचं तात्यांनी परस्पर ठरवलं होतं. तिची आई एकटी. मोठ्या माणसांपुढे बोलेना.

"आधी रुपालीला विचारा!" मी हट्टच धरला.

तात्यांनी दोन चित्रं पुढे ठेवली. एक संस्थेचं, एक घराचं. घराला स्लॅब, गॅलरी, दारात कार. रुपाली पत्र्याच्या खोपटात वाढलेली. तिने घराचं चित्र पालथं घातलं.

"बघा! घर नको म्हणती."

"तात्या, ते तिचं घर नाहीये. तुमचं आहे!"

"तू अजून लहान हायेस."

आई लेकीला त्यांच्या पारधी भाषेत सांगू लागली, तर तात्या म्हणाले, "मराठीत बोला बाई, सगळ्यांना कळलं पायजे."

"सगळ्यांना म्हणजे रुपाली सोडून ना?" मी ओरडले. पण आई गप्प झाली ती झालीच.

*

न्यायच्या दिवशी जीप दारात. रुपालीचं गाठोडं आत चढलेलं. सलीम जीपच्या समोर जाऊन उभा राहिला.

"अध्यक्ष म्हणून सांगतो. आधी आई तिला त्यांच्या भाषेत सांगणार. तात्या, तुमी बसा."

तात्या खुर्चीवर बसले, पण गप्प बसवेना. "सांगा तिला, तितं बाग हाय. टीव्ही हाय. गरम जेवाण हाय. मलाच जाऊन ऱ्हावंसं वाटतंय!"

आईने शब्द न् शब्द सांगितला. या वेळी मोठ्याने. रुपालीने सगळं ऐकून घेतलं.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. रुपाली उठून जीपकडे चालू लागली.

तिने आपलं गाठोडं बाहेर काढलं आणि आईच्या हातात दिलं. मग परत आली, तात्यांच्या खुर्चीला अडकवलेली त्यांची पिशवी उचलली, जीपच्या पुढच्या सीटवर नीट ठेवली आणि बाहेरून दार लावून टाकलं.