दोन घरांचं तायक्वांदो

तायक्वांदोला मी मुलीला घातलं होतं. ती दोन महिन्यांत कंटाळली. तिचा गणवेश चुकून मोठ्या मापाचा आला होता, तो मला बरोबर बसला, आणि एका संध्याकाळी तिच्या जागी मीच जाऊन उभी राहिले. मुलीने मला त्या वेषात पाहिलं आणि इंग्रजीत बजावलं, "आई, माझ्या शाळेत हे घालून येऊ नकोस, प्लीज." मी जाणार होतेच, पण तिने सांगितलं म्हणून नाही गेले.

क्लास इथे आखातात, आम्ही राहायचो त्या फरवानिया भागातच होता. वर बाकाला, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान, आणि खाली तळघरात आम्ही. सर केरळचे. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक वाराआधी गुडघे सैल सोडायचे, अंग वर उचलायचं आणि खाली येता येता ठोसा द्यायचा. "मॅडम, नीचे, ऊपर, फिर नीचे," सर ओरडायचे, आणि मी लाटेवरच्या होडीसारखी वरखाली व्हायचे. काय मजा यायची म्हणून सांगू. पंचेचाळिशी उलटलेली, माहेरी सासरी कुणी कधी मोठ्याने बोलू दिलेलं नाही, आणि इथे माणसं मला सांगत होती की अजून जोरात ओरडा. घरी मी फ्रिजचं दार टाचेने लावू लागले. नवरा नुसता बघत राहायचा.

लाल पट्ट्यापर्यंत पोहोचले. पुढचा काळा. तेवढ्यात सर कायमचे गावी निघून गेले आणि क्लास बंद पडला.

सालमियात दुसरा क्लास सापडला. तिथल्या सरांनी माझ्या गणवेशाच्या पाठीवर छापलेलं झाड पाहिलं आणि मान हलवली. "ही दुसरी संघटना. आमची वेगळी." माझं डोकंच फिरलं. पोळी काय, दोन संघटनांची वेगळी असते का, असं मी त्यांना हिंदीत विचारलं. त्यांना पोळीचं कळलं नसावं. पण माणूस भला. म्हणाले, पट्टा तुमचा लालच राहील, मात्र आमचे सगळे पूमसे नव्याने शिकावे लागतील. पूमसे म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. पहिले सर तिला तूल म्हणायचे. नाव वेगळं, वळणं वेगळी, आणि वरखाली होणं तर इथे साफ मना.

माझे यजमान तेल कंपनीत इंजिनियर. कुठलंही यंत्र बिघडलं की आधी त्याचा इतिहास काढायचा ही त्यांची सवय. शुक्रवारी सकाळी चहा घेत त्यांनी सगळं खोदून काढलं. जपानी राजवट गेल्यावर कोरियात आखाडे बरेच होते आणि प्रत्येकाचा उस्ताद वेगळा. मग सगळ्यांना मिळून एक नाव ठरलं, तायक्वांदो. त्यात एका लष्करी अधिकाऱ्याचा मोठा हात. पुढे त्याचं सरकारशी बिनसलं, तो आपली संघटना घेऊन परदेशी गेला, आणि मागे राहिलेल्यांनी नवी जागतिक संघटना काढली. ऑलिंपिकमध्ये पोहोचली ती ही मागची. अधिकारी वारल्यावर त्याच्या संघटनेचेही तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकडा म्हणतो, खरे आम्हीच.

"अगं, हे तर आपल्यासारखंच आहे," यजमान म्हणाले.

मला तर लगेच कळलं. इथल्या मराठी मंडळातलं आमचं बायकांचं लेझीम पथक असंच फुटलं होतं. पुढच्या रांगेत कोण, एवढ्यावरून. आता गणपतीत दोन पथकं येतात, दोन्हींच्या साड्या वेगळ्या, पावलं वेगळी, आणि मूळ पथक आमचंच असं दोन्ही सांगतात. घरोघरी मातीच्या चुली, त्या सोलला असल्या म्हणून काय झालं.

त्या उन्हाळ्यात यजमानांचं कंत्राट संपत होतं आणि आम्ही नाशिकला परतणार होतो. त्याआधी काळ्या पट्ट्याची एकच परीक्षा. नाशिकला गेले की मी पुन्हा थोरली सून. पन्नाशीला टेकलेल्या सुनेला लाथा मारायला कोण पाठवणार? मिळाला तर इथेच, नाहीतर नाही. मी सकाळी कणीक भिजवताना पूमसे मनात म्हणायचे आणि दुपारी गच्चीवर उन्हात करायचे. इतकी पेटले होते की झोपेत एकदा यजमानांना लाथ बसली.

परीक्षेला खास कोरियाहून एक परीक्षक आले होते. साठीच्या पुढचे, बुटके, पाठ सरळ, चेहऱ्यावर काहीही नाही. मी लाथा मारल्या. सामना खेळले. फळी एका घावात तोडली, आणि आवाज असा घुमला की मला वाटलं, आजच्या दिवशी भिंतसुद्धा मागा, तोडून देते. शेवटी त्यांनी पूमसे मागितला. कठीणांपैकी नाही, अगदी पहिला, जो पोरंटोरं करतात.

घात तिथेच झाला. दोन्ही घरांतल्या पहिल्या मालिकेची सुरुवात सारखीच आहे. डावीकडे वळा, खालचा वार अडवा, पुढे ठोसा, मागे फिरा. मी वळले, फिरले, आणि पुढे शरीराने मला विचारलंच नाही. गुडघे सैल झाले, अंग वर उचललं गेलं. जित्याची खोड. मी जुन्या सरांची पहिली तूल करत होते, आणि हे मला कळलं ते ती संपवून उभी राहिल्यावर.

"चांगली केली," परीक्षक इंग्रजीत म्हणाले. "पण ही आमची नाही. नापास."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. मी म्हटलं, "तुमचीच आहे. आधी तुम्ही सगळे एकच होतात. भांडलात तुम्ही आणि नापास मी?" कोरियाचा इतिहास एका कोरियन माणसाला, सालमियात, माझ्या इंग्रजीत. आमचे सर भिंतीकडे बघू लागले.

परीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "संघटनेची ताटातूट झाली तेव्हा माझे वडील इकडे राहिले आणि काका तिकडे गेले. मी लहान होतो. ही तूल मला काकांनी शिकवली होती. नंतर आमच्या घरात कुणी ती केली नाही, आणि काकांचं नावही कुणी काढलं नाही."

माझा राग जागच्या जागी विरला.

"पुन्हा एकदा कराल का?" त्यांनी विचारलं. "याला गुण नाहीत."

मी केली. गुण नाहीत म्हणताच अंगातला सगळा धाक गळून पडला होता. इतकी सुंदर ती माझ्याकडून कधीच झाली नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. अर्ध्यावर ते खुर्चीतून उठले आणि त्यांचे गुडघे किंचित सैल होऊन वरखाली होऊ लागले. संपल्यावर त्यांनी मला कमरेत वाकून नमस्कार केला, मीही केला.

"छान," ते म्हणाले. "तरीही नापास."

बाहेर यजमान गाडीत बसून वाट बघत होते. मी दार उघडून आत बसले आणि म्हटलं, "नापास झाले." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझं अभिनंदन केलं.