एक पत्रक कमी

कोडिबैलच्या चर्चचं पत्रक दर शनिवारी सेराफिन बाय घरोघर पोचवायची. शिवणशिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाली त्याच आठवड्यात तिने हे काम मागून घेतलं. "घरात बसले तर भिंतींशी भांडेन," ती म्हणाली होती. "म्हणजे आजवर भिंतच होतो मी," असं तेव्हा हयात असलेला तिचा नवरा म्हणाला.

एकवीस वर्षं आणि त्रेचाळीस घरं. फाटकातून पत्रक भिरकावणं तिला मान्य नव्हतं. "कोंबड्यांना दाणे टाकतेय का मी?" पत्रक हातात द्यायचं, माणसाचं तोंड बघायचं, चुलीवर काय आहे याचा वास घ्यायचा. दुपारपर्यंत सगळ्या वाडीची खबर तिच्याकडे जमा.

त्या वासानेच घात केला. गेल्या उपासाच्या काळात एका शनिवारी सकाळी गायकवृंदाच्या मास्तरांच्या घरी डुकराच्या मांसाचा घमघमाट सुटला होता. मुरलेला. म्हणजे रांधलेलं कालचं, आणि काल शुक्रवार, मांस वर्ज्य! पुढच्या पाच घरांत तिने हा हिशोब मांडला. रविवारी मास्तर गायलेच नाहीत. चर्चचे प्रमुख धर्मगुरू, विगार फादर हिलरींनी तिला बोलावून घेतलं.

"पिशवीतून फक्त कागद जाईल, बाय. या घरचा एक शब्द त्या घरी गेला, की पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर."

तेव्हापासून बाय ओठ घट्ट मिटून हिंडत होती. पिशवी गेली तर शनिवार कसा काढायचा, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी ती इर्मिनाच्या अंगणात शिरली. त्या आठवड्याच्या पत्रकात इर्मिनाच्या लेकीच्या, व्हेनिताच्या लग्नाची चिटी, म्हणजे जाहीर सूचना, छापून आली होती. इर्मिना मात्र डोळे पुसत बसलेली.

"लग्नाच्या आदल्या दिवशी रोसला पोरीच्या डोक्यावर पहिला नारळाचा रस कोण घालणार गं? बाप गेला. थोरला काका कुंपणापलीकडे बसलाय, सहा वर्षं अबोला धरून."

"मग जा की बोलवायला."

"मी? मेले तरी नाही. तू सांग ना त्यांना!"

"माझ्या तोंडाला कुलूप आहे. किल्ली फादरांकडे."

इर्मिनाने पत्रकासाठी हात पुढे केला. बायने ते पिशवीतून अर्धं काढलं, आणि परत आत सरकवलं.

"आज एक कमी पडतंय. तुझं शेजारून येईल."

"शेजारून? त्यांच्याकडून?" इर्मिना ओरडेपर्यंत बाय फाटकाबाहेर होती. वळणावर तिने ते जास्तीचं पत्रक घडी करून पोलक्यात खोचलं. खोटं बोलल्याची कबुली फादरांपुढे नंतर देता येईल, असं तिने ठरवलं.

कुंपणापलीकडे थोरला काका, बोनिफास सल्डाना, पडवीत सुपारी कातरत होता.

"बोनाआब, तुमचं झालं की हेच इर्मिनाला द्या. एक कमी आहे. मी काहीच बोलत नाहीये, हं."

बोनिफासने चष्मा लावला. चिटीखाली नेहमीची ओळ होती: या विवाहात कुणाला अडथळा ठाऊक असेल तर विगारांना कळवावे.

"माझ्या भावाची पोर, आणि मला कळतंय ते कागदावरून? ठाऊक आहे मला अडथळा!"

आणि तो चपला उलट्यासुलट्या घालून चर्चकडे निघाला.

आता लेखी अडथळा आला म्हणजे विगारांना चौकशी करणं भाग. दुपारी इर्मिनाला बोलावणं गेलं. बायलाही.

"नवऱ्यामुलाचं आधी लग्न झालंय का? काही नातं लागतं का?" फादरांनी विचारलं.

"मुलगा सोन्यासारखा आहे," बोनिफास गुरगुरला. "अडथळा हा, की रोसला पहिला हात थोरल्याचा, आणि थोरल्याला कुणी विचारलंच नाही."

"भावोजी, सहा वर्षं पोर दारातून जाताना हात करते तुम्हाला," इर्मिना म्हणाली. "तुम्ही वर आकाशात बघता. विचारायचं कुणाला, आकाशाला?"

बोनिफासने टोपी कुरवाळली. "आता विचार."

"याल का?"

"येईन. रस घट्ट हवा, सांगून ठेवतो. पाणी घातलेला मी हातात घेणार नाही."

फादरांनी अर्ज फाडला आणि बायकडे वळले. "या घरचा शब्द त्या घरी नेलास?"

"एकही नाही, फादर. छापला तुम्ही, वाचला त्यांनी."

फादरांनी पिशवी मागितली नाही. पुढल्या शनिवारपासून मात्र पत्रकं ते तिच्यासमोर दोनदा मोजून देऊ लागले.

रोसच्या दिवशी बोनिफासने पहिला हात घातला आणि थांबेचना. दुसरी वाटी, तिसरी वाटी. व्हेनिताच्या नाकातोंडात नारळाचा रस गेला.

"काका, पुरे! लग्न करायचंय मला, सांदण नाही व्हायचंय!"

"सहा वर्षांचं आहे," बोनिफास म्हणाला आणि चौथी वाटी उचलली.