आधी चांगला गुडघा

कबड्डी खेळताना गुडघा दुखावलेली एक मुलगी वॉर्डात खाटेवर पडली होती. तपासताना मी थेट तिच्या सुजलेल्या गुडघ्याला हात लावला.

"घरातला पहिलाच डॉक्टर ना? दिसतंय," आमचे सर्जन सर सगळ्या शिकाऊ डॉक्टरांसमोर म्हणाले. "आधी चांगला गुडघा तपासायचा, मग दुखरा."

तिने विचारलं, "सर, मी परत खेळेन ना?" सर तोवर पुढच्या खाटेकडे वळले होते.

खेळाडूंचा सर्जन व्हायचं तर मला अजून कित्येक वर्षं यांच्याच हाताखाली शिकायचंय, आणि मला त्यांचा तिटकारा येतो. हे लिहितानाही भीती वाटते. त्यांचा नियम बरोबरच आहे. पण आधी चांगलं बघायचं, हा नियम त्यांनी माणसाला कधी लावला नाही.

मी तिचा चांगला गुडघा हातात घेतला. तो थरथरत होता.