चोपणाचा तुकडा

“दोरी सरळ धर, शोभा. गोठा वाकडा झाला तर जन्मभर बघत बसावं लागंल.”

“मी दोरी धरत न्हाई. आदी तुम्ही पायाखाली बघा.”

रामरावांनी पाहिलं नाही. नाकावर रुमाल बांधून ते खुंटी ठोकत राहिले. घाण कुठं नसते, फावड्यानं ओढली, वर चार गाड्या मुरूम टाकला की झालं, असं त्यांचं म्हणणं.

ओढायची मात्र शोभाबाईनं. सकाळपासून तिनं दोनदा ओकारी गिळली होती. फावड्याच्या पात्याला चिकटलेलं दगडावर खरडायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा खरडायचं. पदराला वास, हाताला वास. न्याहारीची भाकर फडक्यात तशीच राहिली होती. माशा तेवढ्या वेळेवर जेवायला आल्या होत्या.

भालकीच्या शाळेतून निवृत्त व्हायला रामरावांना दोन वर्षं उरली होती. आधी भालकी तालुक्यातल्याच मेहकरला, गावच्या शेतात गोठा, मग दोन म्हशी, मग शेजारी घर आणि शेवटी भालकीचं भाड्याचं बिऱ्हाड मोडायचं, असा बेत त्यांनी वहीत रंगीत पेन्सिलींनी आखला होता. जागेचा विचारच करावा लागला नाही. गावाला लागून दहा गुंठे चोपण पडलेलं होतं. तिथं कुसळसुद्धा उगवत नाही, असं त्यांची आई चांगुणाबाई सांगायची. वडिलांनी तिथं कधी नांगर घातला नाही, यांनीही नाही.

शोभाबाई भालकी म्हैसूर राज्यात गेलं त्या साली, छप्पन साली, नवरी होऊन आली. दुसऱ्या दिवशी पहाटेच सासूनं हातात तांब्या दिला आणि तिला इथं आणलं.

“हे बायांचं हाय,” सासू म्हणाली. “गड्यांना चोपण म्हणून सांगितलंय. तू बी तेच सांगायचं.”

तिनं तेच सांगितलं, भालकीला बिऱ्हाड होईपर्यंत. या बाजूला बायांची पाण्याची वाट, म्हणून गड्यांनी मान फिरवून जायचं, ही गावाची रीत. त्यामुळं इथं काय आहे ते कुण्या गड्यानं बघितलंच नव्हतं. भालकीत दाराला कडी असलेला संडास मिळाला आणि शोभाबाईही हा तुकडा विसरली. वीस वर्षांत अनेकदा शेतात आली, पण इकडं फिरकली नाही. गोठ्याची जागा ठरली तेव्हा तोंड उघडायला हवं होतं; लाजून गप्प बसली.

आज उजाडता उजाडता शेताशेजारच्या घरातली निलम्मा आली. खुंट्या दिसल्या तशी थबकली. “अक्का, आमाला सांगून तरी खुंट्या मारायच्या की,” एवढंच बोलली आणि भरला तांब्या घेऊन माघारी गेली. तेव्हापासून शोभाबाईला फावड्यावरच्या घाणीपेक्षा स्वतःचीच जास्त शिसारी येत होती.

तिनं खुंटीजवळची स्वच्छ माती उचलली आणि रामरावांच्या तळहातावर ठेवली.

“ही चोपण हाय व्हय? हरभरा लावला असता तर गुडघ्याएवढा झाला असता.”

मग तिनं सगळं सांगितलं. सासूचं, स्वतःचं, गावातल्या बायांचं. पहिल्यांदा रामरावांचा विश्वासच बसेना. मग राग आला, तो आईवर. आपल्या आईनं आपल्याला फसवावं, बापाला फसवावं, आणि तेही कशासाठी तर असल्या घाणीसाठी! ते बाजूला थुंकले.

“थुंका,” शोभाबाई म्हणाली. “तुमची आई हितंच बसायची. तुमच्या बहिणी बी. मी बी.”

रामरावांनी हात झटकले, रुमाल पुन्हा नाकावर ओढला. शाळेतल्या मास्तरी आवाजात म्हणाले, झालं ते झालं. गावातल्या बायांनी उद्यापासून ओढ्याकडं जावं.

“ओढ्याकडं गडी बसतात.”

“मग वेळ ठरवून घ्यावी. तू सांग त्या निलम्माला. बाईनं बाईला सांगितलेलं बरं.”

या वेळी शोभाबाईनं ओकारी गिळली नाही. बांधाकडं वळून ओकली, पदरानं तोंड पुसलं.

“आगं, तू कामून जिवाला लावून घ्यायलीस?” रामराव मऊपणानं म्हणाले. “गोठ्याच्या मागं तुझ्यापुरता संडास बांधून देतो की. कडी लावून. मग तर झालं? चल, दोरी धर.”

शोभाबाईनं फावडं खाली टाकलं, “निलम्माला सांगते, उद्या बी हितंच या म्हणून,” असं म्हणत दोरी ओलांडली आणि निलम्माच्या घराच्या वाटेला लागली.