डफड्यावरचा पिंपळ

मंडळी, आज तुम्हाला एक विचारायचंय.

आम्ही बौद्ध झालो तरी मिरवणुकीत डफडं वाजवायला गावातून बोलावणं यायचंच. म्हणून बहात्तर साली बाबांनी मालेगावहून ऑइलपेंट आणला आणि डफड्याच्या चामड्यावर बुद्धाचा पिंपळ रंगवला. म्हणाले, "आता हे कोनी वाजवनार नाही."

गेल्या महिन्यात ते माळ्यावर सापडलं. पुसून, वॉर्निश लावून मी ते पुण्याच्या एका हॉटेलवाल्याला विकलं.

आज त्याचा व्हिडिओ आला. एक पाहुणा त्या पिंपळावरच थाप मारतोय आणि सगळे नाचताहेत.

बायको म्हणाली, "तुमी त्याले सांगतलं नाही का, हे काहून रंगवलं ते?"

नव्हतं सांगितलं. सांगितलं असतं तर आमची आधीची जात सांगावी लागली असती.

तुम्ही सांगितलं असतं?